मोलाच्या खेळाडूचं पातेलं

"भालू, यंदाचं पातेलं मला देशील?"

मुकुंद आठल्येनं हे विचारलं तेव्हा मी जमिनीवर उताणा पडलो होतो. यात नाट्यमय काही नव्हतं. गोलकीपरच्या पायांचे पॅड एकट्याला बांधता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक सामन्याआधी मी कपडे बदलायच्या खोलीत आडवा व्हायचो आणि मुकुंद माझ्या पायांशी बसून पट्टे आवळायचा. नवख्या माणसाला वाटावं, एकाचा अपघात झालाय आणि दुसरा प्रथमोपचार करतोय. सामना संपेपर्यंत ते बऱ्याचदा खरंही ठरायचं.

"कुठलं पातेलं?" मी छताकडे बघत विचारलं.

"बक्षिसाचं. यंदा तुझी पाळी आहे ना?"

"आहे तर. कुसुमनं कपाटात जागासुद्धा करून ठेवलीय."

"पुढच्या वर्षी माझी पाळी तू घे. नुसती अदलाबदल."

"एवढी कसली घाई?"

त्यानं पट्टा जरा जास्तच आवळला. "अण्णा आलेत. उद्या प्रमुख पाहुणे तेच आहेत."

"म्हणून?"

"त्यांच्या हातून एकदा बक्षीस घ्यायचंय मला. एकदाच." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांनी मला कधी 'बरा खेळलास' म्हटलेलं नाही रे."

पस्तिशीचा माणूस, वीज मंडळात इंजिनियर, नुकताच बाप झालेला, आणि याला अजून वडिलांची शाबासकी हवी. मला हसू आलं होतं, पण उताण्या माणसाला नीट हसता येत नाही, ते एक बरं झालं. मी "बरं" म्हणालो.

आता या पातेल्याचा इतिहास सांगायला हवा, कारण आमच्या मराठी मंडळाच्या एकाही अहवालात तो नाही.

सत्तरच्या दशकात विनिपेगमध्ये आम्ही मूठभर मराठी कुटुंबं होतो. तिथला हिवाळा ऑक्टोबरात येतो आणि यजमानांनी सुचवल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा एप्रिलपर्यंत बसतो. एवढ्या काळात पुरुषांनी करायचं काय? पहिले दोन हिवाळे आम्ही रमी खेळलो. त्यातून चार घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. तेव्हा विनायक डोंगरेनं बर्फावरच्या, म्हणजे चेंडूऐवजी रबरी चकतीनं खेळायच्या, हॉकीचा संघ काढायचा ठराव मांडला. भांडायचंच असेल तर निदान अंगात कापूस भरलेले कपडे असावेत, हा त्यामागचा विचार. डोंगरे कप्तान झाला, कारण ठराव त्याचा होता. मी गोलकीपर झालो, कारण मला स्केट्सवर पुढे जाता येत नव्हतं आणि गोलकीपरला तशी अपेक्षा नसते.

संध्याकाळच्या लीगमध्ये सगळ्यात खालचा गट आमचा. त्यात पोस्टाचा संघ, अग्निशामक दलाचा संघ आणि एका युक्रेनियन चर्चचा संघ. त्या देशात रिवाज असा, की हंगाम संपला की प्रत्येक संघानं आपला 'सर्वांत मोलाचा खेळाडू' निवडायचा. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये या किताबाला केवढा मान! पण गल्लीतल्या सहा वर्षांच्या पोरांच्या संघातही तो असतोच. मग आम्ही का मागे राहायचं?

पहिल्या वर्षी गुप्त मतदान झालं. प्रत्येक खेळाडूला एकेक मत पडलं. चिठ्ठ्यांवरची अक्षरं ओळखीची होती.

दुसऱ्या वर्षी स्वतःला मत द्यायला बंदी घातली. तेव्हा ज्याच्यापासून कुणालाच धोका नाही अशा खेळाडूला सगळ्यांनी मत दिलं, आणि नाताळापासून पाय मोडून घरी बसलेला पेंडसे प्रचंड बहुमतानं निवडून आला.

तिसऱ्या वर्षी लोकशाही आवरती घेऊन आम्ही वयानुसार पाळ्या लावल्या. तेव्हापासून संघात शांतता आहे.

चषक विकत आणायला पैसे नव्हते. कुसुमचं एक मोठं स्टीलचं पातेलं मसालेभात घेऊन मंडळात गेलं होतं, ते परत आलंच नव्हतं. डोंगरेनं त्याला लाकडी बैठक ठोकली. पातेल्यावर आपल्याकडच्या पद्धतीनं नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. कुसुम हिस दामूमामाकडून सप्रेम भेट.' त्याखाली दरवर्षी मानकऱ्याचं नाव कोरलं जाऊ लागलं. त्यामुळे आमच्या संघातला पहिला मोलाचा खेळाडू म्हणजे माझी बायको, असं कोरीव पुराव्यानं सिद्ध होतं. तिनं जन्मात स्केट्स घातले नाहीत, पण ते आमच्यातल्या बऱ्याच जणांबद्दल म्हणता आलं असतं.

प्रमुख पाहुण्यांचीही एक रीत होती. भारतातून कुणाचेही आईवडील आले की आम्ही त्यांना प्रमुख पाहुणे करत असू. ते तिकडे कोण होते याच्याशी काही देणंघेणं नसे. त्या वर्षी सुनंदाच्या, म्हणजे मुकुंदाच्या बायकोच्या, बाळंतपणासाठी तिच्या सासूबाई माई आल्या आणि माईंना सोबत म्हणून अण्णा आले. अण्णा आठल्ये कोकणात तालुक्याच्या गावी शाळेत खेळाचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. म्हणजे आमच्या इतिहासात प्रथमच प्रमुख पाहुण्यांचा कार्यक्रमाशी काही संबंध येणार होता. त्याचे परिणाम आमच्या लक्षात यायला हवे होते.

मी पाळी सोडल्याचं डोंगरेला सांगितलं. तो विचारात पडला.

"म्हणजे आज अण्णा सामना बघणार, आणि उद्या मुकुंदाला बक्षीस देणार?"

"हो."

"अरे, पण त्यांनी सामना बघितला तर बक्षीस कशाबद्दल असं नाही का वाटणार त्यांना?"

हे खरं होतं. मुकुंदा मनापासून खेळायचा. त्यापलीकडे त्याच्या खेळाबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नव्हतं.

"सगळ्यांनी चकती त्याच्याकडेच द्यायची," डोंगरेनं हुकूम सोडला. "त्याला कळू द्यायचं नाही. आणि मी त्या स्टेफानशी बोलतो."

स्टेफान हा चर्चच्या संघाचा कप्तान आणि गोलकीपर. त्याची बेकरी होती आणि गोलाच्या तोंडाशी तो उभा राहिला की चकतीला जायला फटच उरत नसे. डोंगरे त्याला बाजूला घेऊन हातवारे करत काहीतरी सांगत होता. स्टेफाननं एकदा वर प्रेक्षकांच्या बाकांकडे पाहिलं. तिथे माकडटोपी, मुकुंदाचा ओव्हरकोट आणि वर घोंगडी अशा थरांत अण्णा ताठ बसले होते.

"तो म्हातारा? त्याचा बाप?"

"हो."

"इतक्या लांबून आलाय?" स्टेफान म्हणाला. "मग झालंच."

सामना सुरू झाला. आमच्या माणसांनी चकती मिळेल तिथून मुकुंदाकडे ढकलायला सुरुवात केली. गोलासमोर एकटा उभा असलेला पेंडसेसुद्धा मागे वळून, अर्धं मैदान ओलांडून मुकुंदाला चकती नेऊन द्यायचा, डबा पोचवल्यासारखी. मुकुंदा बिचारा गोंधळला. आपण आज एवढे लोकप्रिय का, हे त्याला उमजेना. चकती आली की तो पडायचा. उठेपर्यंत चर्चवाले थांबायचे. त्यांच्यातला एक तर त्याची स्टिक उचलून हातात देताना मी पाहिला.

स्टेफाननं आपला शब्द पाळला. मुकुंदा जवळ आला की त्याचा हातमोजा सैल व्हायचा आणि तो नीट करायला स्टेफान गोल सोडून बाजूला जायचा. मुकुंदानं रिकाम्या गोलाच्या खांबावर चकती मारली, मग दुसऱ्या खांबावर मारली. मग ती छपराच्या पत्र्यावर गेली.

माझ्यासाठी मात्र कुणी शब्द टाकला नव्हता, त्यामुळे चर्चचे पुढचे गडी माझ्यावर नेहमीसारखेच मारा करत होते. त्या दिवशी का कोण जाणे, मी बऱ्याच चकत्या अडवल्या. काही हातानं, काही पायानं, एक दातांनी.

शेवटी शेवटी पेंडसेनं मारलेली चकती, आधीच आडव्या पडलेल्या मुकुंदाच्या पाठीला लागली आणि सरकत गोलात गेली. स्टेफान त्या वेळी स्केटची नाडी बांधत होता. आम्ही असा जल्लोष केला की शेजारच्या रिंकवरचा खेळ थांबला. चर्चवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मुकुंदा उठला आणि त्यानं पहिल्यांदा बाकांकडे पाहिलं.

अण्णांनी टाळी वाजवली नाही. ते नुसते बघत होते.

सामन्यानंतर मी कॉफी घ्यायला गेलो, तर अण्णा आणि स्टेफान एका टेबलाशी बसलेले. अण्णांचं इंग्रजी शाळेच्या दाखल्यापुरतं आणि स्टेफानचं युक्रेनियन वळणाचं. दोघंही सावकाश बोलत, त्यामुळे त्यांचं छान जमलं होतं. स्टेफान गेल्यावर अण्णांनी मला हाक मारली.

"तुम्ही गोल राखता ना? रेगे?"

"हो, अण्णा."

"फार काम पडतं तुम्हाला."

"सवय झालीय."

"हं." त्यांनी कपात पाहिलं. "उद्याचं बक्षीस कोण ठरवतं?"

"सगळे मिळून," मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

"म्हणजे ठरलेलं असेल."

"हो, बहुतेक."

मग ज्या नजरेनं अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेखाली मी नकळत हात शिवणीला लावून सरळ उभा राहिलो. शाळा सुटून मला वीस वर्षं होऊन गेली होती.

रविवारी कार्यक्रम त्याच चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. शाल होती, श्रीफळ होतं. श्रीफळ चिनी दुकानातलं असल्यामुळे त्याला शेंडी नव्हती, ती कुसुमनं लोकर लावून केली होती. माई बाळाला घेऊन सुनंदाशेजारी पहिल्या रांगेत बसल्या. मुकुंदानं टाय लावला होता आणि तो सारखा गाठ चाचपत होता. आमंत्रण नसताना स्टेफान एक मोठा पाव घेऊन आला आणि मागे उभा राहिला.

डोंगरेनं माइक घेतला. "आपल्या संघाचा यंदाचा सर्वांत मोलाचा खेळाडू, श्री. मुकुंद आठल्ये! त्यांच्या पूज्य वडिलांनी, म्हणजेच आपल्या प्रमुख पाहुण्यांनी, पारितोषिक द्यावं अशी विनंती करतो."

टाळ्या झाल्या. मुकुंदा उठून पुढे गेला. अण्णाही उठले. पातेलं टेबलावर होतं. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

टाळ्या हळूहळू विरल्या.

"मला दोन शब्द बोलायचेत," अण्णा म्हणाले. माइक त्यांनी बाजूला सारला. त्यांना त्याची गरज नव्हती.

"काल मी सामना पाहिला. हा खेळ मला माहीत नाही. पण एक माणूस खेळतोय की बाकीचे त्याला खेळवतायत, एवढं मैदानावर आयुष्य काढलेल्याला कळतं. ते मागे उभे आहेत ते बेकरीवाले सद्गृहस्थ, त्यांचा हातमोजा काल फार वेळा सैल झाला."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. डोंगरे बुटांकडे बघू लागला. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे ओळखून स्टेफाननं मान लववली.

"मुकुंद आठल्ये याचा तोल पुढे जातो. स्टिक उशिरा येते. वळताना पायात पाय अडकतो. काल खेळले ते हे रेगे. न्यायानं बक्षीस रेग्यांचं."

मी मुकुंदाकडे पाहिलं. त्याचा हात टायच्या गाठीवरच राहिला होता. चेहरा मात्र शांत होता. हे असंच होणार हे जणू त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्या क्षणी मला त्या माकडटोपीवाल्या म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. सुनंदानं माईंचा हात धरला.

"आता दुसरी गोष्ट," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज किंचित उतरला. "हा अकरावीत होता तेव्हा आमच्या शाळेत वर्षाच्या शेवटी उत्कृष्ट खेळाडूला ढाल मिळायची. नाव मी सुचवायचं. त्या वर्षी खो-खोत ह्याच्यासारखा पळणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. हेडमास्तर म्हणाले, आठल्ये, नाव विचारायलाच नको. मी दुसऱ्या मुलाचं नाव दिलं. लोक काय म्हणतील? मास्तरनं आपल्या पोराला ढाल दिली, म्हणतील."

पहिल्या रांगेत बाळ कुरकुरलं.

"हा घरी आला, जेवला, निजला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही. मी का म्हणून विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही. गेल्या वर्षी सूनबाईच्या पत्रात वाचलं, हा बर्फावर खेळतो म्हणून. मी ते पत्र माईंकडून दोनदा वाचून घेतलं."

"तीनदा," माई हळूच म्हणाल्या.

"काल त्या बेकरीवाल्यांना मी विचारलं, की हे 'मोलाचा खेळाडू' प्रकरण काढलं कुणी? ते म्हणाले, इथल्या मोठ्या लीगला हे पारितोषिक पन्नासेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं दिलं. तो डॉक्टर काही खेळाडू नव्हता. त्याचा मुलगा हॉकीतला होता. मी रात्री त्या डॉक्टरचा विचार करत होतो. त्यालाही लोक काहीतरी म्हणालेच असतील. पण त्यानं दिलं."

अण्णांनी पातेलं उचललं. जड होतं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"रेगे, तुमची माफी मागतो. मी जन्मात कुणासाठी वशिला लावला नाही. ह्याच्या नोकरीलाही नाही. आज लावतोय. आठल्ये मास्तरांनी पोरासाठी वशिला लावला, असं गावी ज्याला कळवायचं असेल त्यानं खुशाल कळवावं."

त्यांनी पातेलं पुढे केलं. मुकुंदा जागचा हलेना.

"अण्णा, नको," तो कसाबसा म्हणाला. "भालूचंच आहे ते. मी मागून घेतलं त्याच्याकडून. मी लायक नाहीये."

"ठाऊक आहे."

"मग—"

"लायक होतास तेव्हा दिलं नाही," अण्णा म्हणाले. "आता घे म्हणतो ना."

हे मात्र ते मास्तरांच्या आवाजात बोलले. मुकुंदानं पातेलं घेतलं. वाकून पाया पडायला गेला, तर मध्ये पातेलं. काय करावं हे दोघांनाही सुचेना. शेवटी पातेल्यासकटच अण्णांनी त्याला जवळ घेतलं, आणि बाप-लेक त्या स्टीलच्या भांड्याभोवती तसेच उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे आम्हाला कळेना. पहिली टाळी कुसुमनं वाजवली. एक अक्षर न समजता स्टेफान मागे रुमालानं डोळे पुसत होता. डोंगरेनं आभारप्रदर्शनाचा कागद घडी करून खिशात घातला. मंडळाच्या इतिहासात आभारप्रदर्शन रद्द झाल्याचा तो एकमेव प्रसंग.

पुढल्या शनिवारी सकाळी मी मुकुंदाकडे गेलो. सुनंदासाठी कुसुमनं डिंकाचे लाडू दिले होते. दार माईंनी उघडलं.

"मुकुंदा आहे का?"

"मागे आहेत दोघं," माई म्हणाल्या. "उजाडल्यापासून. मी दोनदा चहा गरम केला, आता तिसऱ्यांदा काही करायची नाही. तुम्हीच सांगा जाऊन."

मुकुंदाच्या परसात पाणी सोडून गोठवलेला बर्फाचा एक चौकोन होता, धुणं वाळत घालायच्या दोरीएवढ्या लांबीचा. भोवती गुडघाभर बर्फ, आणि त्या बर्फात ओव्हरकोट घालून अण्णा उभे. आत मुकुंदा स्केट्स चढवून कडेकडेनं फिरत होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती आणि कपाळावर, त्या थंडीत, चक्क घाम होता.

"वळताना खांदा आधी," अण्णा ओरडले. "पाय मागाहून येतो!"

"अण्णा, हा खो-खो नव्हे."

"खांबाला वळसा तोच असतो. घाल वळसा."

मुकुंदानं वेग घेतला. खांदा आत टाकून तो कोपऱ्यावर वळला. अर्ध्याहून जास्त वळण त्यानं न अडखळता घेतलं. इतकं सुरेख वळण मी त्याला कधी घेताना पाहिलं नव्हतं. मग दोन्ही पाय सुटले आणि तो पाठीवर आपटून सरकत थेट अण्णांच्या बुटांपाशी येऊन थांबला.

मी धावत पुढे होणार, तेवढ्यात तो पडल्या पडल्याच वर बघत म्हणाला, "अण्णा, पाहिलंत? वळलो होतो ना?"

"पाहिलं," अण्णा म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातला हात बाहेर काढून त्याच्यापुढे धरला. "बरा वळलास. ऊठ. परत."